तुस्कानोंच्या विहिरीचं पाणी

"…मग भिंत घातली, यात माझं काय चुकलं, फादर?"

दुमिंग तुस्कानोने हे तिसऱ्यांदा विचारलं. फादर मिंगेल यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. ते खुर्चीत बसून झावळीच्या पातीचा क्रूस विणत होते. विणत राहिले.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची दुपार होती. दुमिंग दोन गोष्टी घेऊन आला होता. एका हातात कळशी, दुसऱ्या हातात पत्र.

कळशीची रीत आजोबांपासूनची. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आशीर्वादित करायचं पाणी, वसईतल्या त्या धर्मग्रामात, तुस्कानोंच्याच विहिरीतून येई. आठवडाभर आधी एक कळशी फादरांना चाखायला द्यायची. घराण्याला त्याचा भारी अभिमान. पत्र मात्र त्या सकाळीच लिहिलेलं, आणि आल्याआल्या काय ते सांगून फादरांना दिलेलं. चर्चच्या गायनमंडळाचं पुढारपण दुमिंग सोडणार होता, आणि तेही ऐन पवित्र आठवड्यात.

कारण होतं शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ पास्कू. "दुमिंग देवासाठी गात नाही, व्हिडिओसाठी गातो," असं तो चारचौघांत बोलला होता. दुमिंगची झोप उडाली. बोलण्यात थोडं तथ्य होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. पण हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"मन सांभाळायला नको?" तो तावातावाने म्हणाला. "धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत. वाईटसाईट आत येऊ द्यायचं नाही. नाही येऊ देत मी! त्यांच्या घराशी बोलणं बंद. दोन वाड्यांच्या मधे आठ फुटी भिंत. रोज दार लावून तीन रोझरी करतो."

"छान."

"अख्ख्या धर्मग्रामात कोण करतं एवढं?"

"कुणी नाही," फादर म्हणाले. "आणि दार लावलं की कुणाचा आवाज ऐकू येतो?"



"…पास्कूचा."

"प्रभूशी काय बोलतोस?"

"त्याचंच. पास्कूचं तोंड बंद कर म्हणतो."

"मग प्रभू काय म्हणतो?"

प्रभूला बोलायला दुमिंगने उसंतच दिली नव्हती.

फादरांनी क्रूस बाजूला ठेवला. "पाणी दे."

दुमिंगने कळशीतून पेला भरून दिला. फादरांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"हे विकतच्या जारचं आहे."

चाळिशीतल्या दुमिंगचे कान लालबुंद झाले. धर्मशिक्षणाच्या वर्गात चोरून चिंचा खाताना सापडला होता, तेव्हाही असेच झाले होते.

"विहीर खारावलीय," तो पुटपुटला. "तीन आठवडे झाले. कुणाला सांगितलं नाही. पास्कूला कळलं तर गावभर दवंडी पिटेल."

फादरांनी काठी घेतली. "चल."

दुमिंगची वाडी चर्चच्या मागेच होती. पानवेली कडेने पिवळ्या पडल्या होत्या. विहीर मात्र नवीकोरी, आतून सिमेंट लावलेली. शेजारी जुनीच्या दुप्पट ताकदीची मोटर. आणि त्यापलीकडे ती भिंत.

"काढ पाणी."

दुमिंगने बादली सोडली. फादरांनी पेला भरून घेतला आणि ओठांना लावला.

"फादर, नका! तुमच्या तब्येतीला…"

ते सगळा पेला प्यायले. घोट घोट, सावकाश. दुमिंगला ते बघवेना.

पेला उपडा ठेवून फादर भिंतीच्या पायथ्याकडे बघत राहिले. तिथे विटांचे तुकडे आणि माती दाबून बसवली होती.

"इथे बावखल होतं."

होतं. वाडीतलं छोटं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. विहिरीला वर्षभर तेच पाझरायचं.

"बुजवलं," दुमिंग म्हणाला. "पास्कूच्या घरच्या बायका कपडे धुवायला यायच्या. धुता धुता माझ्याविषयी बोलायच्या. कशाला कानावर पडू द्यायचं?"

"हं. म्हणजे खारं पाणी भिंतीवरून आलं?"

दुमिंगला हसूच आलं. "भिंतीवरून कसं येईल, फादर? ते खालून येतं. खाली कायम असतंच. वर गोडं पाणी भरलेलं असलं की ते दबून राहतं. गोडं आटलं की चढतं वर. मग कितीही सिमेंट लावा, काही उपयोग… "

तो थांबला.



फादरांनी काठी झाडाला टेकवली. कोपऱ्यातली कुदळ उचलली. त्यांनी बुजवलेल्या बावखलावर एक घाव घातला. मूठभर माती उडाली.

दुमिंगने धावत जाऊन त्यांच्या हातातून कुदळ घेतली आणि खणायला लागला.

दहा मिनिटांत शर्ट घामाने भिजला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय रे दुमिंग? आता खणण्याचा व्हिडिओ काढतोस की काय?"

पाठोपाठ हसणं.

कुदळ हवेतच थांबली. तीन आठवड्यांपूर्वी हे ऐकून त्याने भिंत आणखी दोन फूट चढवली असती. त्याने फादरांकडे पाहिलं. फादर भिंतीकडे बघतसुद्धा नव्हते.

दुमिंगने कुदळ खाली आणली. पुन्हा उचलली, पुन्हा आणली. आणि सकाळच्या मिरवणुकीतलं होसान्नाचं गीत त्याच्या ओठांवर आलं. आवाज लावला नव्हता, सूरही धापेने तुटत होता. तो गात राहिला. त्याला बरं वाटत होतं. राग गेला नव्हता, पण कितीतरी दिवसांनी आत पास्कूखेरीज आणखी कुणीतरी होतं.

पलीकडचं हसणं थांबलं की चालूच राहिलं, त्याच्या लक्षात आलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गुडघाभर खड्डा झाला होता. तळाशी कोरडी माती. दुमिंगने कपाळ पुसलं.

"सगळं खणतो मी, फादर. महिना लागला तरी खणतो. पण पाऊस पडल्याशिवाय हे भरायचं नाही. शनिवारचं पाणी कुठून आणू?"

"तुझ्या विहिरीतून."

"खारट आहे ते! लोक बाटल्या भरून घरी नेतात, घोटभर पितात. सगळ्यांना कळेल… पास्कूलासुद्धा."

फादरांनी खिशातून त्याचं पत्र काढलं आणि घडीसकट त्याच्या मातीने माखलेल्या हातात परत दिलं.

"कळू दे. मी पेलाभर प्यायलो की आत्ता… तेच आण. आणि गायला तूच उभा राहा."