वांग्याचा सुस्कारा

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. मार्गशीर्षात तिथं धुकं असं उतरायचं, की घरं जणू कापसात ठेवलीत. टेकडीवर खंडोबाचं देऊळ होतं. चंपाषष्ठीला साऱ्या बायका देवळापुढच्या गरम राखेत, फुफाट्यात, वांगी भाजायच्या आणि देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायच्या.

वांग्याला सुरी मात्र लावायची नाही, असा गावचा नेम. टोचलं की रस सांडतो आणि रसाबरोबर देवही निघून जातो म्हणे. आणि भाजताना वांगं फुटलं, तर भाजणारीच्या मनात खोट. तिनं पुन्हा नैवेद्याला हात लावायचा नाही.

त्या गावात एक सासू आणि तिची सून राहायच्या. सासूचं वांगं तरुणपणीच फुटलं होतं. तेव्हापासून चंपाषष्ठीला ती लांब, खालच्या पायरीवर बसायची.

"काय वाईट आलं होतं गं माझ्या मनात? अजून आठवत नाही," ती कधीतरी पुटपुटायची.

सुनेला वाटायचं, मुंग्यांच्या वाटेवर साखर ठेवणारी ही बाई! हिच्या मनात कसली खोट?

चंपाषष्ठी जवळ आली तशी एका सकाळी सुनेनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले. "मल्हारी, तुझी परीक्षा नाही घेत. वांग्याची घेते."

परसात तिनं फुफाटा केला. देवाचं नाव घेत एक वांगं भाजलं, ते फट्‌दिशी फुटलं. दुसऱ्या दिवशी दूध सांडणाऱ्या मांजरीला शिव्या मोजत भाजलं, ते अखंड राहिलं! सून हसतच सुटली. मग तिनं टोचून भाजून पाहिलं. बारीक छिद्रातून वाफेची धार निघाली, धुक्यात मिसळली. त्यानंतर टोचलेलं एकही वांगं फुटलं नाही.

पण रसाचं काय? तिला तर चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य. तिनं शेजारच्या कुंभारणीला हाक मारली. तिच्या घरी हा नेम नव्हता. एक घास टोचलेल्या वांग्याचा, एक न टोचलेल्याचा तिच्यापुढे ठेवला.

"डोळे मिट आणि सांग, टोचलेलं कुठलं?"

कुंभारणीनं दोन्ही घास चाखले. "अगं बये, मीठ तरी घालायचंस! दोन्ही सारखीच गोड. आणखी एक-एक घास दे, म्हणजे नक्की सांगते."

चंपाषष्ठी उजाडली. धुक्यात भंडाऱ्याची हळद उधळली, सारी टेकडी पिवळ्या स्वप्नासारखी दिसू लागली. सुनेनं वांगं घेतलं आणि सगळ्यांदेखत त्याला सुरी लावली.

"अगं, देव जाईल ना!" पाटलीणबाई ओरडल्या.

"रसात मावेल एवढाच का आपला देव, काकी? माझं फुटलं, तर मीही बसेन आत्याबाईंच्या शेजारी. कायमची."

पायरीवर सासूनं पदर तोंडाला लावला.

वांगी फुफाट्यात गेली. सुनेच्या वांग्यानं हळूच वाफ सोडली. आणि तेवढ्यात फट्! पाटलीणबाईंचं न टोचलेलं वांगं फुटून राख उडाली. साऱ्या बायका मागे सरकल्या. पाटलीणबाईंचा चेहरा राखेसारखाच झाला.

सून लगबगीनं पुढे झाली. त्यांचं कपाळ तिनं पदरानं पुसलं. "भाजलं नाही ना, काकी? तुमच्या मनात काही नाही हो. वांग्यात वाफ कोंडली होती. त्याला वाट हवी, एवढंच."

पाटलीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खालच्या पायरीकडे. त्या खाली उतरल्या आणि सासूचा हात धरला. "चला वहिनी. इतकी वर्षं तुम्हाला उगाच बसवलं आम्ही."

सासूच्या हातात सुनेनं सुरी दिली. म्हातारीनं वांगं टोचलं, फुफाट्यात सरकवलं. थोड्या वेळानं वांग्यानं लांब सुस्कारा सोडला.

म्हातारीनंही सोडला.

त्या दिवशी देवापुढे पहिलं ताट तिनं ठेवलं. देव तिथंच होता. कुठं गेला नव्हता.

तात्पर्य: देवाचं नाव घेऊन माणसाला दोष लावण्याआधी विस्तवाजवळ बसून एकदा स्वतः पाहावं. खऱ्या श्रद्धेला पाहण्याचं भय नसतं.