सुटलेला टाका

यंत्रं आपसांत बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. लोकर विणायच्या एका यंत्रावर सुयांचं मंडळ होतं. बायका चहाला उठल्या की सभा भरे आणि एकेक सुई ताठ उभी राहून भाषण देई, "माझा एकही टाका आजवर सुटलेला नाही."

कडेची नवी सुई चमकी ते ऐकून धास्तावे. टाका सोडणाऱ्या सुईला उपटून डब्यात टाकतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

एकदा सभा रंगात आली असताना खिडकी धाडकन आपटली. चमकी दचकली आणि तिचा टाका सुटला. अर्ध्या स्वेटरवर वरून खाली शिडीसारखी फट पडत गेली.

"भर आता पेटी," थोरली सुई म्हणाली. "मंडळाचं नाव घालवलंस, बाई."

"सुटला खरा," चमकी रडवेली होऊन म्हणाली. "कुणाला उचलता येतो का?"

तेवढ्यात डब्यातून सुटलेले टाके उचलणारी आकडीमावशी खुडखुडत निघाली. फटीच्या तळाशी शिरून, एकेक धागा ओढून घेत ती वर चढली आणि टाका चमकीच्या गळ्यात अडकवून मोकळी झाली.

"मावशी, इतके दिवस कुठं होतात?" चमकीनं विचारलं.

"इथंच की. सगळी भाषणं ऐकलीत मी. ज्यांचा कधी सुटलाच नाही, त्यांच्याकडे कशाला जाऊ?"

थोरली सुई खाकरली. मग आवाज उतरवून म्हणाली, "बाहेर आलाच आहात, तर जरा माझ्या खाली बघता का? परवाचा एक आहे."

तिच्या पलीकडच्या सुयाही हळूहळू माना पुढं काढू लागल्या.