कातळशेतची इस्तूवाली आवडाय

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, कारण त्यावरून कातळशेतच्या म्हाताऱ्यांमध्ये अजून भांडणं होतात, गावातली सगळी घरं पेंढ्याने शाकारलेली होती. गाव घाटाच्या पायथ्याशी. डोंगरावरून सुटलेला वारा थेट घरात शिरायचा आणि चुलीशी खेळायचा. अशाच एका वाऱ्यात ठिणगी उडाली आणि अर्धं गाव जळालं. तेव्हापासून गावाने रीत पाडली, की रात्री जेवणं झाली की ज्याने त्याने आपली चूल पाणी मारून विझवायची. जागी राहायची ती एकच चूल, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, दगडी खोपीत. सकाळी बायका करवंटीत राख घालून तिथे जायच्या आणि आपापल्या घरचा निखारा घेऊन यायच्या.

हा विस्तव, बोलीत इस्तू, गावाच्या मूळपुरुषाने आणला आणि तो कधी विझला नाही, असं म्हणतात. चकमक झाडून नवा पाडता आला असता. चकमक काय, विडी-चिलमीसाठी प्रत्येकाच्या कनवटीला असायचीच. पण चकमकीचा विस्तव पोरका, त्यावरचा नैवेद्य देवाला चालत नाही, अशी गावाची समजूत. आणि समजुतीपुढे शहाणपण चालत नसतं.

त्या चुलीची राखण आवडाय करायची. राखणीचा मान तिच्या सासरचा. नवरा लवकर गेला, सासू-सासरे गेले, आणि मान तिच्याकडे आला. पण आवडाय होती घाटावरची. लग्न होऊन आली तेव्हा तिचं बोलणं वेगळं, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. पहिल्यांदा माशाचं कालवण पुढ्यात आलं तेव्हा ती उठून परसात पळाली, ते अख्ख्या वाडीने पाहिलं. मग ती शिकली. मासे साफ करायला शिकली. ‘व्हय’ सोडून ‘होय’ म्हणायला शिकली. बायका जिथे हसतात तिथे हसायलासुद्धा शिकली. डोकं पांढरं झालं, तरी गाव तिला घाटीणच म्हणायचं. “जा गो, घाटणीकडनं इस्तू आण,” असं सासू सुनेला सांगायची. त्यात दुष्टावा नव्हता, सवय होती. पण सवयीने बोललेलंच माणसाला जास्त लागतं. कुणीतरी एकदा आपल्याला ‘आमची’ म्हणावं, एवढंच आवडायला वाटायचं. हे ती कुणाला बोलली नाही, चुलीला तेवढं सांगायची, असं म्हणतात.

गावात सगळ्यांनाच एक नियम होता. तिन्हीसांजेला विस्तव बाहेर द्यायचा नाही. त्या वेळी लक्ष्मी घरात येते, आणि विस्तव गेला तर त्याच्याबरोबर तीही जाते. राखणदाराने हे मोडलं तर त्याने चूल सोडायची आणि गावही सोडायचं.

एका पौषात फार थंडी पडली. घाटावर दुष्काळ होता. माणसं पोट हातात घेऊन खाली उतरत होती. त्यांतलंच एक जोडपं कातळशेतला आलं. सटवा आणि त्याची बायको हौसा. तिचे दिवस भरले होते. गावाच्या कडेला एक पडका गोठा होता, त्यात दोघं टेकली, आणि सांज होता होता हौसाला कळा सुरू झाल्या.

सटवाजवळ चकमकसुद्धा उरली नव्हती. तो दारोदार विस्तव मागत फिरला. घराघरांत चुली पेटलेल्या होत्या, भाताला उकळी फुटत होती. पण प्रत्येक दारात एकच उत्तर. “तिनीसांजेला इस्तू देत नायत आमच्यात.” नियम खोटा नव्हता. पण त्या दिवशी तो लोकांना फार सोयीचा पडला.

शेवटी तो कातळावर आला. “माय,” तो म्हणाला, “इस्तू दे गं. बायकू अडलीया. थंडीनं लेकरू जगायचं न्हाई.”

कितीतरी वर्षांत आवडायच्या कानांवर माहेरचं बोलणं पडलं नव्हतं. तिने एकदा वाडीकडे पाहिलं. दिवे लागत होते. त्या दिव्यांतलं आपण एक व्हावं म्हणून तिने जन्म घालवला होता. विस्तव दिला की ते सगळं संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, “व्हय बाबा. चल.”

करवंटी पुरेना म्हणून तिने निखारे पदरात घेतले. पदराचं एक सूतसुद्धा जळलं नाही, असं म्हणतात. डोंगरावरून निघालेला वारा घाटाच्या तोंडाशीच थांबला, आणि ती गोठ्यात पोचेपर्यंत त्याने पाऊल पुढे टाकलं नाही, असंही म्हणतात.

हौसाला मुलगी झाली. पोर निळी पडली होती. आवडायने तिला धगीशी धरलं, चोळलं, शेकलं, तेव्हा कुठे ती रडली. बाळंतिणीला एकटं टाकून जाणार कशी? आवडाय तिथेच राहिली. आणि उजाडता उजाडता ती कातळावर परतली, तर राखणीवाचून राहिलेली गावाची चूल गार पडली होती. बाहेर बायका करवंट्या घेऊन उभ्या होत्या.

आवडायने लपवाछपवी केली नाही. “मी इस्तू दिला. तिनीसांजेला दिला,” ती म्हणाली.

बातमी गावभर झाली. गावाचा प्रमुख भिवा गावकार तरातरा आला. “वाडवडलांचा इस्तू घालवलास, घाटणी! आता या गावात तुझं काय काम?”

जुन्या लुगड्यांचं गाठोडं बांधून आवडाय निघाली. घाटाची वाट गोठ्यावरून जात होती. पोरीला एकदा पाहावं म्हणून ती आत शिरली, पोर मांडीवर घेतली, आणि तिचा पाय काही निघेना.

इकडे गावात दिवसभर धूर नाही. पोरांनी कोरडे पोहे खाल्ले आणि पाणी प्यायलं. कुणीतरी चकमक झाडली, तर भिवाची म्हातारी आई कडाडली, “त्यावरची पेज मी तोंडात घेणार नाय.” मग ती ओटीवर येऊन बसली. समोर पडक्या गोठ्यातून धूर निघत होता. म्हातारी तिकडे बघून म्हणाली, “भिवा, इस्तू विझला नाय रे. तो बघ, तिथं हाय.”

भिवाने मान हलवली. त्या परक्यांच्या दारात आपण मागायला जायचं? दुपार झाली, उन्हं कलली, तो नाही नाहीच म्हणत राहिला. पोरं रडायला लागली तेव्हा एकदाचा उठला, पण तोवर नेमकी तिन्हीसांज झाली होती.

गोठ्याच्या दारात भिवा आणि त्याच्यामागे करवंट्या घेतलेलं अख्खं गाव. सटवाने त्यांच्याकडे पाहिलं. “तिन्हीसांजंला इस्तू मागाय आलाय?”

आतून हौसाचा आवाज आला, “आवो, असं काय बोलताय? द्या की.”

“मी कोन देनारा?” सटवा म्हणाला. “ज्या मायनं दिला, तिचा हाय त्यो. तिला मागा.”

आवडाय कोपऱ्यात बसली होती, पोर मांडीवर आणि गाठोडं शेजारी. भिवाने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. त्याला बोलायला फार जड गेलं.

“आमचे आवडाये,” तो म्हणाला, “गावाला इस्तू दे.”

आवडायला रडू आवरेना. तिचं टिपूस निखाऱ्यावर पडलं, आणि निखारा विझायच्या ऐवजी भडकून उठला, असं म्हणतात. “व्हय, देते,” ती म्हणाली, आणि तिच्या त्या ‘व्हय’ला कुणी हसलं नाही. तिने प्रत्येक करवंटी भरली. जितका दिला तितका विस्तव वाढत गेला. सटवा आणि हौसा मग गावातच राहिली, आणि आवडायनंतर कातळावर पुन्हा पेटलेल्या चुलीची राखण हौसाच्या लेकीने केली.

आता कातळशेतमध्ये पेंढ्याचं एकही घर नाही आणि घरोघरी गॅस आहे. पण पौषातल्या एका संध्याकाळी आवडायच्या नावाने गावातला प्रत्येक गॅस बंद होतो. गावात सगळ्यांत शेवटी जे घर राहायला आलं असेल, त्याच्या दारात गावकार तिन्हीसांजेला करवंटी घेऊन उभा राहतो, आणि तिथला विस्तव गावभर जातो. त्यावर त्या रात्री पेज शिजते. गेल्या पौषात हा मान आंब्याच्या बागेची राखण करायला आलेल्या नेपाळी जोडप्याचा होता. एवढी माणसं पाहून त्यातली पोरगी घाबरली. आपल्याला हाकलायलाच आलेत, असं तिला वाटलं. समजावल्यावर तिने शेकोटीतले निखारे काढले आणि सगळ्यांच्या करवंट्या भरल्या. लोक परत वळले, तशी तिने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, उद्या पण येणार का?

गावकाराची बायको थांबली. “उद्या आमी नाय,” ती म्हणाली. “उद्या तू ये गो.”