बेडकाचे दोन दगड

त्या राज्यात प्राण्यांच्या जेवढ्या जाती, तेवढे दगड होते. तळ्याकाठच्या सभेत बसायला प्रत्येक जातीला एक दगड मिळे. जात दिसेनाशी झाली तरी तिचा दगड कुणी हलवत नसे आणि नवी जात सापडली की नवा दगड मांडला जाई. त्यामुळे सभा दरवर्षी वाढत होती आणि बसणारे दरवर्षी कमी होत होते.

हजेरी घ्यायचं काम म्हाताऱ्या कासवीकडे होतं. प्रत्येक जातीला तिच्याच आवाजात तीनदा पुकारायचं, अशी तिथली रीत. तिसऱ्या पुकाऱ्यालाही उत्तर आलं नाही तर ‘उशीर झाला असेल’ असं म्हणायचं आणि पुढच्या दगडाकडे वळायचं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता तिला आपल्याच आवाजाचा वीट आला होता.

हजेरी संपली की वाद सुरू होई. टिटवी म्हणे, वर्षाला दहा जाती जातात. भारद्वाज म्हणे, छे, चारच, आणि सापडतात मात्र बारा. टिटवीचं ओरडणं अशुभ, म्हणून तिचं कुणाला ऐकवत नसे. भारद्वाजाचं दर्शन शुभ, म्हणून सगळे त्याच्याकडे नुसते बघत बसत. पंधरा वर्षं हे चर्चेचं गुऱ्हाळ चाललं होतं आणि त्यातून वाटीभर रस निघाला नव्हता. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही, हे कासवीने केव्हाच ओळखलं होतं.

एका वर्षी, वादाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी ओढ्यातला बेडूक सभेत आला. अंगठ्याएवढा जीव, गळ्याखाली पिवळी रेघ. त्याच्या जातीचं कुणी दहा वर्षांत सभेला फिरकलं नव्हतं; टेकडीपलीकडच्या ओढ्यापासून तळं लांब होतं आणि मधली सगळी वाट कोरडी. तो आला तेव्हा त्याची कातडी सुरकुतली होती. जरा दम घेऊन तो बोलला.

“मी ओढ्यातला. माझ्या जातीचा बहुतेक मी एकटाच उरलोय. तीन पावसाळे हाका मारतोय, कुणी ओ देत नाही. सभेचे दगड आमच्या ओढ्यातून उकरून आणता. आता एकच डोह राहिलाय. जाणाऱ्या जातीच्या घराला हात लावायचा नाही, असा तुमचाच नियम आहे म्हणे. तेवढा नियम लावा. पाणी टिकलं तर कधी तरी कुणी तरी ऐकेल मला.”

“ओढ्यातले बेडूक दहा वर्षांपूर्वीच गेले,” टिटवी म्हणाली. “माझ्या आकड्यात ते धरलेले आहेत.”

“बाई, मी इथे तुमच्यासमोर बसलोय.”

“मग तू दुसरा कुणी असशील.”

भारद्वाजाने मान वर केली. “बाई म्हणतात ते मला मान्य आहे,” तो म्हणाला. सभा चपापली. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. “ओढ्यातला बेडूक गेला, हे खरं. मग हा कोण? हा नवा. आम्हाला सापडला.”

टिटवीचा एक गेलेला पक्का झाला, भारद्वाजाचा एक सापडलेला वाढला. दोघांनी प्रथमच एकमेकांकडे प्रेमाने पाहिलं.

बेडूक कासवीकडे वळला. “मावशी, तुम्ही तरी सांगा. माझ्या बापाला तुम्ही पुकारलंय.”

पुकारलं होतं. त्याच्या आज्यालाही पुकारलं होतं. ती पिवळी रेघ तिने कुठेही ओळखली असती. पण हजेरी घेणाराने वादात पडायचं नाही असा दंडक होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि तिने तोंड उघडलं असतं तर आणखी तीन दिवस सभा उठली नसती. ती फार थकली होती. कासवी पिलांना नुसत्या नजरेवर वाढवते असं म्हणतात. तिने बेडकाकडे पुष्कळ मायेने पाहिलं.

बेडकाच्या गळ्यात कमळाच्या देठाची माळ घातली गेली. त्याला नवा पुकारा ठरवून दिला आणि यापुढे यालाच ओ द्यायची म्हणून बजावलं. दगड उकरून आणायचं काम रानडुकरांचं. ती ओढ्याकडे धावली आणि ऊन उतरायच्या आत एक चपटा दगड घेऊन आली. त्याच्या खालच्या अंगाचं शेवाळ अजून ओलं होतं.

बेडकाने त्यावर हात ठेवला आणि तसाच राहिला.

“हा डोहाच्या तोंडाचा आहे,” तो म्हणाला. “यानेच पाणी अडलं होतं.”

सभा त्याच्या नावाने जयजयकार करत होती. ऐकलं ते कासवीने.

पुढल्या वर्षी तिने बेडकाला नव्या पुकाऱ्याने तीनदा पुकारलं. चपट्या दगडावर वाळलेली माळ पडली होती. “उशीर झाला असेल,” ती म्हणाली. मग रीतीप्रमाणे ती शेजारच्या, बेडकाच्या जातीच्या जुन्या दगडाकडे वळली आणि तिने जुना पुकारा दिला. कुणी नाही. तिने दुसऱ्यांदा दिला.

टेकडीपलीकडून ओ आली. बारीक, ओलसर, न तापलेल्या गळ्याची. तो बेडूक नव्हता; त्याच्या जातीचं दुसरं कुणी तरी होतं, कोवळं, आणि ते पुन्हा पुन्हा ओ देत होतं.

टिटवीने वादासाठी चोच उघडली. भारद्वाज उडी मारून उंच दगडावर चढला. “कोण ते? बघा, नवं दिसतंय काही तरी,” तो म्हणाला. रानडुकरं उठली, अंग झाडलं आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

तिसरा पुकारा बाकी होता.

“मीच ओरडले,” कासवी म्हणाली.

“पण आवाज टेकडीकडून आला,” भारद्वाज म्हणाला.

“म्हातारीचा घसा आहे, बाबा. कुठूनही निघतो.” तिने तिसरा पुकारा दिलाच नाही. “उशीर झाला असेल,” ती म्हणाली आणि पुढच्या जातीला पुकारू लागली, होता नव्हता तेवढा आवाज काढून, टेकडीकडचं काही ऐकू येऊ नये म्हणून.

जरा वेळाने रानडुकरं परत फिरली आणि बेडकाच्या दोन रिकाम्या दगडांना पाठ घाशीत बसली.