रामफळाचा जामीन

त्या दिवशी ऊन होतं, पण चटका नव्हता. वारा तेवढा सकाळपासून सुटला होता. दोरीवरचं धोतर दोरीवर ठरेना, आणि माणसाला एकच बोलणं दोनदा बोलावं लागत होतं. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. पावसाला अजून पुष्कळ अवकाश होता.

"...मग पाणी कुणाला सोडू, बुवा? झाडाला का गवताला?"

रावजी शेडगे कुंपणाच्या अलीकडं उभा होता. पलीकडं चिमणगिरी बुवा झोपडीपुढं बसून कफनीला चिकटलेली कुसळं काढत होते.

रावजीनं बुवांचा अनुग्रह घेतलेला. गावातली बाकीची माणसं बुवांना काही विचारायचं तर नारळ घेऊन, पायताण काढून यायची. रावजीला नुसतं कुंपणापर्यंत यावं लागायचं. गुरू शेजारीच राहतो, याचा त्याला जरा ताठाच होता.

बुवांनी एक कुसळ काढलं. वाऱ्यावर सोडून दिलं.

"पुन्हा बोल. वारा घेऊन गेला."

रावजीनं पुन्हा सांगितलं. न्हाणीतलं सांडपाणी ज्या पाटानं बाहेर यायचं, त्याच्या एका अंगाला, कुंपणाला लागूनच, रामफळाचं झाड होतं. दुसऱ्या अंगाला शोभेचं गवत. पुरुषभर उंच, तांबूस तुऱ्यांचं. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. न्हाणीतनं येईल तेवढं पाणी आता एकालाच पुरलं असतं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं गवत उपटावं. झाड म्हटलं की फळ आहे, सावली आहे, गेलं तर लाकूड आहे. गवताला काय आहे? वाऱ्यावर डुलतंय नुसतं. गुरंसुद्धा तोंड लावत न्हाईत त्याला."

"झाडानं फळ किती दिलं?"

रावजी जरा घुटमळला.

"अजून न्हाई दिलं. मोहरतंय, गळतंय. नावात तेवढं फळ आहे बघा त्याच्या."

"आणि गवतानं?"

"गवत कशाला देईल फळ?"

"म्हणजे दोघं सारखेच."

"सारखे कसे, बुवा! झाडाची आशा तरी आहे."

"हां..." बुवा म्हणाले. "म्हणून कुऱ्हाड झाडाला दाखवतात होय. गवताला कुणी दाखवलेली बघितली न्हाई मी."

रावजीला हे बोलणं कुठं न्यायचं ते कळेना. वाऱ्यानं गवताचे तुरे एका बाजूला लवले आणि पुन्हा उभे राहिले.

"गवत कुणी लावलं?" बुवांनी विचारलं.

हे बुवांना ठाऊक होतं. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. कारखान्याच्या बंगल्यावर माळ्यानं उपटून टाकलेला ठोंब भिवानं डोक्यावरनं आणला होता, आणि चिखलानं माखून घरात आला म्हणून रावजीनं त्याला अंगणातच बसवून जेवू घातलं होतं. भिवा म्हणजे रावजीचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्याचं अर्धं शहाणपण घेऊन गेला. आता केस पिकले, तरी गुरं राखायला धाडावं तर गुरं एकीकडं आणि भिवा गवतापुढं बसलेला.

"भिवानं लावलं," रावजी म्हणाला.

"उद्या जातोय म्हणं तो."

"जातोय. तालुक्याला आश्रम आहे. असल्या माणसांना ठेवून घेतात. खायला वेळेवर, निजायला खाट. सकाळच्या गाडीनं पोचवून येतो."

"येणार कधी?"

"...तिथंच राहायचं आता त्यानं."

बुवांनी आणखी एक कुसळ काढलं.

"मी गवताचं विचारलं होतं, बुवा," रावजी म्हणाला. आवाज जरा वरच गेला त्याचा.

"मी पण गवताचंच बोलतोय."

पडवीत भिवाचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. रावजीनं तिकडं बघायचं टाळलं.

"बरं, गवताचं जाऊ द्या. झाडाचं तरी आज उरकून घेऊ. कुऱ्हाड दाखवतो त्याला. तुम्ही शेजारी आहात, तुम्हीच जामीन राहा."

त्या भागात अशी रीत आहे. झाड फळ धरत नसलं, तर मालकानं कुऱ्हाड उगारून त्याला दम द्यायचा. देतोस का तोडू, असं विचारायचं. तेवढ्यात शेजाऱ्यानं पुढं होऊन मालकाचा हात धरायचा आणि म्हणायचं, यंदा राहू दे, मी जामीन. मग कुऱ्हाड खाली ठेवायची आणि झाडाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. झाड म्हणे भितं, आणि लाजतंही. पुढच्या सालाला फळ धरतं. मात्र हात धरणारा कुंपणापलीकडचा पाहिजे. घरातलं कुणी चालत नाही. घरातलं माणूस आपल्या झाडाची बाजू घेणारच. त्याला जामीन कोण म्हणेल?

"दाखव," बुवा म्हणाले.

रावजीनं कुऱ्हाड आणली. रामफळापुढं पाय रोवून उभा राहिला. दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली.

"काय रे ए! नुसतं पाणी पितोस! फुकट जागा अडवून बसलास! देतोस का तोडू?"

आणि तो थांबला.

बुवा कुसळं काढत होते.

"देतोस का तोडू!"

वारा... पानं... गवताची सळसळ.

रावजीचे दंड भरून आले. कुऱ्हाड खाली घ्यावी, तर दम खोटा ठरतो. घाव घालावा, तर आपलंच झाड आहे. तो मान न वळवता दबल्या आवाजात म्हणाला, "बुवा... बोला की."

बुवांनी हातातलं कुसळ वाऱ्यावर सोडलं.

"अहो, हात दुखायला लागले माझे."

बुवांनी कफनीची दुसरी बाजू मांडीवर घेतली.

"देतोस का तो..."

पडवीतनं भिवा हे बघत होता. ही रीत त्यानं लहानपणापासून बघितलेली. कुऱ्हाड वर जाते, शेजारी बोलतो, कुऱ्हाड खाली येते. पण आज शेजारी बोलत नव्हता. म्हणजे आज दादा खरंच तोडणार, असं त्यानं धरलं. बांधलेलं गाठोडं आता त्याच्या हातात होतं. ते घेऊनच तो धावत आला. ते त्याच्या हातातनं निसटलं आणि पाटाच्या कडेला सुटून पडलं. आत एक सदरा होता, एक धोतर होतं, आणि ओल्या फडक्यात मुळांसकट गुंडाळलेला गवताचा एक बारका ठोंब होता.

भिवानं रावजीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"दादा, नको! यंदा राहू दे त्याला. मी जामीन!"

"सोड."

"मी जामीन, दादा. देईल ते. मी सांगतो त्याला."

"सोड म्हणतो न्हवं, येड्या! तुझा कसला जामीन? घरातल्या माणसाचा जामीन चालत न्हाई!"

वारा तेवढ्यात पडला होता, म्हणून हे बोलणं कुठं गेलं नाही. तिथंच राहिलं.

...

रावजीची कुऱ्हाड हळूहळू खाली आली. दांडा मातीला टेकला. भिवानं मनगट सोडलं नव्हतं. जोर लावल्यानं त्याला धाप लागली होती, आणि त्याचं लक्ष गाठोड्याकडं नव्हतं, झाडाकडं होतं. त्याच्यापुरतं काम अजून अर्धवट होतं.

"दादा, चालत न्हाई तर कुणाचा चालतो?" त्यानं विचारलं. "त्याला बोलवून आणू?"

रावजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग खाली सांडलेल्या सदऱ्याकडं. मग त्या ओल्या फडक्याकडं. जाताना भिवानं सारं गवत उपटलं नव्हतं. एवढंसंच घेतलं होतं. बाकीचं पाटाकडेला होतं तिथंच ठेवलं होतं.

कुंपणापलीकडं बुवा उठले. कफनी झटकली. कुंपणाशी येऊन उभे राहिले, पण अलीकडं आले नाहीत.

"बुवा," रावजी म्हणाला. मघाचा आवाज आता त्याच्याजवळ नव्हता. "तुम्ही जामीन राहा."

"कुणाला?"

रावजीनं दांड्यानं माती उकरली.

"झाडाला?"

"...न्हाई." त्यानं भिवाकडं बघितलं. "ह्याला. घरात कटकट होते, बुवा. बायका बोलतात, पोरं बोलतात. मी पण बोलतो. तुम्ही एक शब्द टाका. यंदा राहू दे म्हणा. तुम्ही म्हणालात तर ठेवून घेईन."

बुवांनी कुंपणावरनं हात लांब केला. आता ते भिवाच्या डोक्यावर हात ठेवतील, असं रावजीला वाटलं. पण बुवांनी रावजीच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, आणि ती काखेत मारून झोपडीकडं वळले.

"बुवा! काही तरी बोला."

बुवा थांबले.

"झाडाचं असलं तर विचार, रावजी. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाबद्दल शेजाऱ्यानं काय बोलायचं?"