पलीकडच्या कळसाची प्रदक्षिणा

"त्यांच्या कळसाला पक्षी प्रदक्षिणा घालतात, महाराज. आपल्या का नाही घालत?"

बाळगिरी महाराज ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाच्या कळसाला?"

"चैतन्यगिरीच्या! आणखी कुणाच्या?"

नाव घेतानाच शंभूगिरीचं तोंड कडू झालं. आता हा चैतन्यगिरी कोण, तर शंभूचाच गुरुबंधू. दोघंही बाळगिरी महाराजांच्या हाताखाली वाढले. शंभू आधीचा, चैतन्य सात वर्षांनी मागून आलेला. पण धरणाच्या अलीकडं महाराजांचा हा जुना बुटका मठ, आणि पाण्यापलीकडं टेकडीवर चैतन्यचा स्वतःचा नवा मठ. संगमरवरी. कळसावर रात्रभर सहा फोकस.

"भाकरी थापायला मी शिकवली त्याला," शंभू म्हणाला. "भगवं नेसायला मी शिकवलं. आज त्याच्या दारात गाड्या लावायला जागा नाही. आपल्या दारात कोण? मी आणि ते मांजर."

"मांजर चांगलं आहे."

"थट्टा नको, महाराज! अठरा वर्षं झाली मला इथं. त्याच्या आधी आलो, त्याच्यापेक्षा जास्त जप केला. मग पक्षी त्याच्याकडं का जातात?"

"तू पाहिलंस?"

"अख्ख्या तालुक्यानं पाहिलंय. या दिवसांत उत्तरेकडून थवे येतात ना, रात्रीचे? आभाळ भरलेलं असलं की ते कळसाभोवती गोल गोल फिरत राहतात. तासन्‌तास. काही तर तिथंच पायरीवर देह ठेवतात. लोक म्हणतात, मोक्षाला गेले."

"आणि तू काय म्हणतोस?"

शंभू माणूस जळका होता, पण खोटारडा नव्हता. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"मी म्हणतो, माझ्या पोटात दुखतं."

"हं..."

महाराजांनी सोललेले चार दाणे त्याच्या हातावर ठेवले. शंभूनं ते खाल्ले नाहीत. तरातरा उठला आणि गावात गेला.

दुपारी परत आला तो मांडववाल्याकडून एक दांडगा फोकस मागून घेऊनच. अंगणातल्या लिंबाखाली स्टँड उभा केला, वायर ओढली, तोंड कळसाकडं केलं. दिवस मावळल्यावर बटण दाबलं.

जुना कळस लख्ख उजळला. अगदी पोपडे निघालेला चुनासुद्धा दिसायला लागला.

"आता बघाच, महाराज. आमच्यात काय कमी आहे ते आज कळेल."

महाराज ओसरीवरून उतरले. फोकसजवळ गेले. स्टँडची मान धरली आणि सगळा झोत शंभूच्या तोंडावर फिरवला.

"अहो! अहो, महाराज!"

शंभूचे दोन्ही हात तोंडासमोर गेले.

"वा, शंभू! नमस्कार काय सुरेख करतोस."

"नमस्कार कसला! डोळे दिपले माझे. काही दिसत नाही."

"खोलीत जा तुझ्या."

"कुठं आहे खोली?"

तो डावीकडं वळला, उजवीकडं वळला. तुळशीवृंदावनावर गुडघा आपटला. कठडा चाचपत चाचपत निघाला आणि होता तिथंच परत आला. झोत त्याच्या तोंडावरच.

"प्रदक्षिणाही झाली," महाराज म्हणाले. "आणखी दहा घाल. तोवर मी लोकांना बोलावतो."

शंभू जागच्या जागी थांबला. तोंडावरचे हात तसेच.

बराच वेळ...

मग तो मटकन खाली बसला. महाराजांनी बटण बंद केलं.

"महाराज, ते पायरीवर देह ठेवतात, ते..."

"पहाटे जाऊन बघून ये. लोक यायच्या आत."

शंभू पहाटे होडीनं पलीकडं गेला.

कळसाखाली एक बाई झाडत होती. काय झाडत होती ते जवळ गेल्यावर दिसलं. लावे होते. नवरंग होते. ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत असे बारके पिवळे पक्षी होते. फोकसला, भिंतीला आपटून, नाहीतर फिरून फिरून दमून पडलेले. बाईची पाटी भरत आली होती. पाटीत काहींची छाती अजून हलत होती.

शंभूनं एक उचलून घेतला. वजन तरी किती... मूठभर चुरमुऱ्यांएवढं. कुठल्या मुलखातून निघाला होता आणि कुठं पोचायचा होता, देव जाणे. शंभूला रडू कोसळलं.

पण सांगायला लाज वाटते, अर्ध्या पाण्यात होडी आली तोवर रडू ओसरलं होतं. आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी उकळायला लागलं होतं. आनंद!

धावतच तो मठात शिरला.

"सापडला, महाराज! चैतन्या आता बरोबर सापडला!"

"काय झालं?"

"मोक्ष कसला? मरतात ते! दिव्यानं आंधळे होऊन मरतात. फोटो काढलाय मी, पाटीचा. पाच दिवसांनी घट बसतील, सगळा तालुका त्याच्या मांडवात असेल. तिथंच उभा राहतो आणि भरली पाटी त्याच्या पुढ्यात ओततो. हे घ्या म्हणतो, तुमचे मोक्षाला गेलेले!"

"मग दिवे बंद होतील?"

"दिवे? अहो, त्याचं तोंड बंद होईल!"

"मी दिव्यांचं विचारलं."

नवरात्रात त्या कळसावर आणखी बारा फोकस चढायचे होते, हे शंभूला ठाऊक होतं. चैतन्यचा स्वभावही ठाऊक होता. चार माणसांत त्याला कुणी खाली बघायला लावलं की तो हट्टाला पेटायचा.

"नाही होणार," तो हळूच म्हणाला. "चिडून आणखी लावेल."

"मग?"

"तुम्हीच सांगा."

"एकटा जा. त्याला एकट्याला सांग. तो फोटो पुसून टाक. तू सांगितलंस हे तिसऱ्या माणसाला कळता कामा नये."

"पण मग लोकांना कसं कळणार, की..."

"की?"

शंभूनं मोबाइल काढला. फोटो पुसला.

आणि तो गेलाच नाही.

एक दिवस अंगण सारवलं. एक दिवस मठाचे पत्रे चढून साफ केले. एक दिवस उगाच ताप आल्याचं सांगून पडून राहिला. महाराजांनी एका शब्दानं विचारलं नाही. तिन्ही रात्री आभाळ भरलेलं होतं. तिन्ही रात्री शंभू पांघरुणाच्या फटीतून पलीकडचा उजेड बघत पडला. आत कोण फिरतंय, कोण पडतंय, आता त्याला माहीत होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी पहाटे तो उठला, पाण्यापलीकडं गेला आणि पाटीतला एक जिवंत नवरंग ओंजळीत घेऊन थेट चैतन्यच्या खोलीत शिरला. दार लोटून घेतलं.

"अरे, शंभूदादा! तुम्ही? इतक्या पहाटे?"

"हात पुढं कर."

चैतन्यनं हात पुढं केला. शंभूनं पक्षी त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं एकदा पंख हलवला. मग मान पडली.

"हा मोक्षाला गेला का रे, चैतन्या?"

चैतन्य हाताकडं बघत राहिला.

"दादा... मला खरंच वाटायचं हो."

"मलाही वाटायचं. मला तर हवं होतं."

एवढंच बोलून शंभू परत आला. दुसऱ्या दिवशी घट बसले. तो संध्याकाळीच पुन्हा पलीकडं गेला आणि रात्रभर तिथंच राहिला.

सकाळी परतला तो नुसता धुमसत.

"चोर आहे चोर, महाराज! तुमचा लाडका चैतन्या चोर आहे!"

"दिवे लावले त्यानं?"

"नाही लावले. सगळे बंद केले, कळसावरचा एकही ठेवला नाही. पण मांडवात उभा राहून काय म्हणाला, ठाऊक आहे? 'मला ध्यानात दिसलं!' म्हणे, एक पक्षी पहाटे आला आणि म्हणाला, हे साधो, आमची वाट मोकळी कर. पक्षी म्हणे! तो पक्षी मी होतो!"

महाराजांच्या पांढऱ्या मिशा हलल्या. हसले असावेत.

"हसू नका! लोक ढसाढसा रडले. बायांनी त्याला ओवाळलं. 'पक्षीमाउली' म्हणून फ्लेक्स लागलाय वेशीवर. आजूबाजूच्या चार देवळांनी काल तिथंच शपथ घेतली, पाखरं जाईपर्यंत आम्हीही कळसाला दिवा लावणार नाही म्हणून. सगळं त्याच्या पायाशी! आणि मी कुठं उभा होतो? चपला काढतात तिथं!"

अठरा वर्षांचं सगळं त्या चपलांपाशी येऊन थांबलं होतं.

महाराजांनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं.

"रात्री आभाळ भरलेलं होतं?"

"होतं."

"पक्षी आले?"

"आले..." शंभू थांबला. आवाज जरा खाली आला. "दिसले नाहीत. मिट्ट काळोख होता. पण वरून आवाज येत होते, एकामागून एक. मी पायरीवरच बसलो होतो. सगळे सरळ गेले, महाराज, दक्षिणेकडं. एकही फिरला नाही. सकाळी ती बाई रिकामी पाटी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, आज काही कामच नाही."

तो स्वतःशीच हसला. आणि लगेच पुन्हा सगळं आठवलं.

"पण नाव त्याचं झालं ना, महाराज!"

महाराज पुढं वाकले. कुतूहलानं, एखाद्या पोरासारखे.

"ते पक्षी वरून जाताना कुणाचं नाव घेत होते रे?"