बेहड्याखालची पाटी

सरकारी जंगलातली झाडं आभाळाला टेकत होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका बेहड्यावर गरुडीण दरवर्षी अंडी घाली. तिला जपायला वनखात्यानं झाडाखाली लाकडी पाटी रोवली. वरच्या ओळीत लिहिलं, ‘येथे गरुडाचे घरटे आहे’, आणि खालच्या ओळीत, ‘जवळ जाऊ नये’.

तोवर तिथं कुणी मान वर करत नव्हतं. आता पाटी वाचून जो तो शिट्ट्या मारायला लागला. गरुडीण घाबरून उडून गेली आणि अंडी गार पडली.

पुढच्या हिवाळ्यात ती परतली. म्हणाली, “पाटीबाई, तू राखण करतेस की दवंडी पिटतेस?”

उभं राहून थकलेल्या पाटीनं मुळाशी आलेल्या वाळवीला हाक मारली, “ये बाई, खा मला. पण आधी वरची ओळ खा, गरुडीण अंडी घालायच्या आत.”